भोपळ्यांतला दिवा

आरंभींच एक कबुली देतों. पस्तीस वर्षें मुलें शिकविण्यांत घालविलेल्या या मास्तरानें २०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत आपल्या पांच वर्षांच्या नातीला बागुलबुवाची भीति घातली. चिरंजीवांकडे न्यू जर्सीला गेलों होतों. पोर ताटांतला भात चिवडीत बसली होती, तिनें लवकर जेवावें म्हणून मी सहज म्हणालों, "जेव बघूं, नाहीं तर पडद्यामागून बागुलबुवा येईल." भात संपला खरा, पण त्या रात्रीं ती पडद्याकडे तोंड करून निजेना आणि पाठ करून तर मुळींच निजेना. दुसऱ्या रात्रींहि तोच प्रकार. सूनबाई मला एका शब्दानें बोलली नाहीं, तें अधिकच लागलें.

त्यांतच शाळेची चिठ्ठी आली. हॅलोवीन जवळ आला आहे, बालवर्गांत भोपळे कोरावयाचे आहेत, तरी घरच्या मंडळींपैकीं कोणी मदतीस यावें. पुण्याहून दूरध्वनीवर आमच्या मंडळींचें मत पडलें, "तो भुतांचा सण, आधींच पोर भ्यालेली आहे, तिला त्या दिवसांत घरींच ठेवा." चिरंजीवांना तें पटेना. सगळा वर्ग एकत्र असतां आपली एकटी मुलगी घरीं, हें त्यांना बरें दिसेना. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्हीच जाऊन बघा आणि काय तें सांगा." म्हणजे निकाल मजवर आला.

वाचकांपैकीं कित्येकांचीं नातवंडें आज त्या देशांत आहेत, म्हणून या सणाविषयीं दोन शब्द सांगतों. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस; त्याची पूर्वसंध्या म्हणजे ३१ ऑक्टोबर, आणि 'हॅलोवीन' या नांवाचा अर्थहि तोच. त्याचीं मुळें मात्र आयर्लंड व स्कॉटलंडकडील प्राचीन केल्ट लोकांच्या एका सणांत दाखवितात. सुगी संपून हिवाळा लागे त्या रात्रीं मृतात्मे जिवंतांच्या जवळ येतात, अशी त्यांची समजूत. सर्वपित्री अमावास्येला पितरांसाठीं पान वाढणाऱ्या आपण तिला हंसण्याचें कारण नाहीं. आयर्लंडांत सलगम कोरून त्याचे दिवे करीत. एकोणिसाव्या शतकांत तेथील लोक मोठ्या संख्येनें अमेरिकेंत गेले. तेथें त्यांना कोरावयास सोपा आणि आकारानें थोर असा भोपळा मिळाला. (तांबडा भोपळा मूळचा अमेरिकेचाच, आपल्या घारग्यांतहि तो तिकडूनच आलेला पाहुणा आहे.) सर्वच घरांना हा सण रुचतो असें नाहीं, म्हणून कित्येक अमेरिकन शाळा केवळ 'शरदोत्सव' करतात.

ठरल्या दिवशीं मी वर्गांत गेलों. जर्मन शिक्षणज्ञ फ्रोबेल यानें १८४० सालीं अशा शाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हें नांव दिलें. तें या वर्गाला शोभत होतें. टेबलावर मेपल आणि ओक यांचीं गळलेलीं पानें होतीं. मुलें पान कागदाखालीं ठेवून वरून मेणाचा खडू आडवा घांसत आणि शिरांसकट पानाचा ठसा उमटे. हें आपल्याकडेहि होतें. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें कार्य सुरू केलें, तेव्हां पानें, बिया, शिंपले हेंच त्यांचें साहित्य होतें.

परंतु पुढें बाईंनीं जें केलें, तें मीं माझ्या वर्गांत कधीं केलें नव्हतें. त्यांनीं हिरवीं पानें चुरून जखम पुसण्याच्या स्पिरिटांत भिजत घातलीं आणि कॉफी गाळण्याच्या कागदाची पट्टी त्यांत उभी केली. कांहीं वेळानें पट्टीवर हिरवा रंग चढला आणि त्याच्याजवळ एक पिवळा पट्टा निराळा दिसूं लागला. "पिवळा कोठून आला?" बाईंनीं विचारलें. एक म्हणाला, कागदांतून. दुसरी म्हणाली, स्पिरिटांतून. मी असतों तर 'चूक' म्हणून उत्तर सांगून मोकळा झालों असतों. बाईंनीं दुसरी कोरी पट्टी नुसत्या स्पिरिटांत उभी केली आणि सर्वांना वाट पाहावयास लावली. ती पांढरीच राहिली. तेव्हां मुलें आपण होऊन म्हणालीं कीं, पिवळा रंग पानांतच होता! खरोखर तसेंच आहे. थंडी पडूं लागतां हिरवें द्रव्य मोडतें आणि त्याखालीं झांकलेला पिवळा उघडा पडतो. मेपलचा तांबडा मात्र बहुधा शरदांतच नव्यानें तयार होतो.

मग भोपळा आला. तो पाण्यांत बुडेल कीं तरेल, यावर हात वर करून मतें घेतलीं. बहुतेक सर्व म्हणाले, बुडेल. टबांत सोडतांच तो डुलत तरंगूं लागला आणि आंत कांहीं तरी पोकळ असलें पाहिजे, हें अनुमान एका मुलानें केलें. भोपळ्याला पुरेल एवढी दोरी प्रत्येकानें अंदाजानें कापावयाची होती. मास्तरांची दोरी वीतभर अपुरी पडली, आणि वर्गाला त्याचा फार आनंद झाला.

झांकण कापल्यावर हात घालून बिया काढावयाच्या. येथें माझी नात मागें सरली. आंत काळोख होता. माझ्या तोंडावर "भितेस काय?" हे शब्द आले होते, पण बाईंनीं तिला एक बॅटरी दिली आणि म्हणाल्या, "आधीं आंत काय आहे तें पाहून आम्हांला सांग." तिनें वाकून पाहिलें. "दोऱ्या आहेत. ओल्या." मग चमचा घातला, मग एक बोट, मग कोपरापर्यंत हात! बियांचे दहा-दहांचे ढीग केले. सेहेचाळीस ढीग होऊन सात उरल्या, म्हणजे ४६७. एवढा आंकडा तेथें कोणाला येत नव्हता. पण सेहेचाळीस ढीग डोळ्यांपुढें होते.

शेवटीं मला गोष्ट सांगण्याचा आग्रह झाला. लेकीकडे जाऊन लठ्ठ झालेली आणि वाघाला चुकवून भोपळ्यांत बसून परत येणारी आपली म्हातारी मीं मोडक्या इंग्रजींत उभी केली. ती इतकी आवडली कीं, लगेच दोरी घेऊन म्हातारी या भोपळ्यांत मावेल कीं नाहीं, याची चौकशी सुरू झाली. मावणार नाहीं, असें ठरलें. पण एक पाय मावला असता.

मुखवट्यांचा तास निराळा. कागदी ताटल्यांना डोळे कापावयाचे, आणि नियम एकच: मुखवटा मित्राच्या देखत चढवावयाचा आणि काढून आपलें नांव सांगावयाचें. नातीनें आपला मुखवटा घरीं आणला आणि मला विचारलें, "आजोबा, बागुलबुवाला दांत किती असतात?"

"मला ठाऊक नाहीं, बाळ."

"तुम्ही पाहिला नाही?"

"नाहीं."

"मग तो पडद्यामागे आहे, असं तुम्ही सांगितलंत कसं?"

सूनबाई स्वयंपाकघरांतून ऐकत होती. मीं पोरीला सांगितलें कीं, मी खोटें बोललों. तूं भात लवकर खावास म्हणून बोललों. तिनें थोडा विचार केला, बॅटरी घेतली, मला हातीं धरून पडद्यामागें नेलें आणि आम्हीं दोघांनीं तेथें पाहिलें. एक मोजा सांपडला. त्या रात्रीं ती निजली.

ज्या आईबापांना हे खेळ येथें करावयाचे असतील त्यांना मेपलची वाट पाहावयास नको. हिवाळ्यांत अंगणांतल्या बदामाचीं पानें तांबडीं होऊन गळतात. पिंपळाच्या पानाचा ठसा तर सर्वांत देखणा उठतो. स्पिरिट मात्र मोठ्यांनींच हाताळावें, विस्तवापासून दूर. आणि सुरीहि आपल्याच हातीं असावी. वर्गांतल्या भोपळ्यांतहि बाईंनीं मेणबत्ती न लावतां बॅटरीचा दिवा ठेवला होता.

त्या वर्षीं नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशीं आलीं. पहांटे उटणें लावून अभ्यंगस्नान झालें, संध्याकाळीं दारांत वर आकाशकंदील आणि खालीं भोपळा. गोव्यांत तरुण मुलें नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे स्वतः करून त्याच पहांटे जाळतात, तें मला आठवलें. पुण्यास फोन लावला. नातीनें मुखवटा आधीं हातांत धरून दाखविला, मग चढविला आणि म्हणाली, "आजी, हा बागुलबुवा. घाबरू नकोस, आत मीच आहे."

आमच्या मंडळी घाबरल्या नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, एवढ्या भोपळ्याच्या गराचें काय केलेंत? कोरावयाचा भोपळा पाणचट असतो, गोड नसतो, असें सूनबाईनें परोपरीनें सांगितलें. "गूळ थोडा जास्त घालायचा," आजी म्हणाल्या, "घारगे झाले असते."