न दुखणारे दुखणे

दात दुखला की साऱ्या घराला कळते. रात्रीची झोप उडते, लवंगेच्या तेलाची बाटली शोधली जाते आणि उजाडताच मंडळी दंतवैद्याकडे धाव घेतात. हिरड्यांचे तसे नाही. त्या सुजतात, त्यांतून रक्त येते, त्या दातांपासून सुटत जातात. पण बहुतेक वेळा दुखत मात्र नाहीत. ‘दुखेल तेव्हा बघू’ हा आपल्याकडचा सर्वमान्य नियम आहे आणि तोच इथे घात करतो. त्रास जाणवू लागेपर्यंत दात हलू लागलेला असतो. मग ‘वय झाले, दात जायचेच’ अशी समजूत घालून तो काढला जातो. खरे तर यातले बरेच दात वयाने जात नाहीत, दुर्लक्षाने जातात. आणि हे दुर्लक्ष टाळण्यासाठी लागणारे सामान, म्हणजे एक आरसा आणि खिडकीतला उजेड, प्रत्येक घरात आहे.

पहिली खूण रक्ताची. चूळ भरताना पाण्याला आलेली लालसर छटा, पेरू चावल्यावर त्याच्या गरावर उमटलेली तांबडी रेघ. हातातून असे रोज रक्त आले असते, तर आपण चार दिवसांत डॉक्टर गाठला असता. तोंडातले रक्त मात्र ‘ब्रश लागला असेल’ म्हणून बेसिनमधून वाहून जाते. त्यावर पुन्हा उफराटा उपाय होतो: रक्त येते म्हणून तिथे ब्रशच फिरवायचा नाही. त्यामुळे दाताच्या मुळाशी साचलेला जंतूंचा चिकट थर वाढतो आणि रक्तही वाढते.

डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्यांनी दात घासणे बंद करायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू झाल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे रोग दोन-तीन आठवड्यांत सुरू होतो, आणि या पायरीवर तो पूर्ण परतवताही येतो. पुढे दाताला धरून ठेवणारे हाड झिजले, की ते आपोआप भरून येत नाही. ज्याला आपण पायोरिया म्हणतो, तो हाच टप्पा.

म्हणून महिन्यातून एकदा ओठ वर करून आरशात पाहावे. निरोगी हिरडी घट्ट असते आणि दाताला चिकटून बसते. आपल्यापैकी अनेकांच्या हिरड्यांवर जन्मतः तपकिरी छटा असते, तिला घाबरण्याचे कारण नाही. पण कडा लाल, फुगीर, चकचकीत दिसली, दात पूर्वीपेक्षा लांब वाटू लागले, फटी पडून अन्न अडकू लागले, घासूनही तोंडाचा वास जात नसला, तर ती सूचना समजावी. मऊ ब्रशने हिरडीच्या कडेला हलक्या हाताने दोन आठवडे नीट स्वच्छता करूनही रक्त थांबले नाही, तर दंतवैद्याकडे जावे. पू दिसला किंवा दात हलू लागला, तर तेवढेही थांबू नये. काही न लागता आपोआप रक्त येत असेल, तर डॉक्टरांनाही दाखवावे.

तंबाखूचे प्रकरण आणखी फसवे आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, कारण तिथला रक्तपुरवठाच मंदावलेला असतो. आत रोग वाढत असतो आणि धोक्याची खूण मात्र दिसत नाही. खेड्यापाड्यांत तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी दात घासायला वापरतात, विशेषतः बायका. तिने दात बळकट होतात ही समजूत चुकीची आहे. तंबाखू असलेल्या दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. घरच्या तव्यावर मात्र कोणत्या कायद्याची बंदी पोचणार?

‘दात साफ करून घेतले की ते हलतात’ हीसुद्धा अशीच एक समजूत. ज्या दातांचा आधार आधीच गेलेला असतो, ते कीटणाच्या दगडासारख्या थराने जखडलेले असतात. तो थर निघाला की आधीचेच नुकसान जाणवते. दोष मात्र डॉक्टरच्या माथी येतो.

मधुमेहाच्या रुग्णांनी तर अधिकच सावध राहावे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहणे अवघड होते. तिशीनंतरच्या लोकांची मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाचा कर्करोग यांसाठी तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम आपल्याकडे आहे. त्यासाठी माणसाला तोंड उघडायला सांगितले जातेच. मग त्याच वेळी ‘घासताना रक्त येते का?’ एवढा एक प्रश्न विचारून हिरड्यांवर नजर टाकायला कितीसा वेळ लागणार? त्या प्रश्नाला ना यंत्र लागते, ना वेगळा निधी.

तोवर हा प्रश्न घरातच विचारावा. सगळ्यांच्या औषधांची वेळ सांभाळणाऱ्या आईला आणि ‘आता काय राहिलेत दात’ म्हणणाऱ्या आजोबांना तो आधी विचारावा. उरलेल्या दातांनी भाकरी चावता येणे ही म्हातारपणातली लहान गोष्ट नव्हे.