लिंकनचा सात्त्विक संताप

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात व्यावसायिक अमेरिकी फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही. त्यामुळे लिंकन येथील राज्य विद्यापीठाचा 'कॉर्नहस्कर्स' हाच साऱ्या राज्याचा संघ. सामन्याच्या शनिवारी मेमोरिअल स्टेडियममध्ये ८५ हजारांच्या आसपास लोक लाल कपड्यांत जमतात. नोव्हेंबर १९६२ पासून तिथे प्रेक्षकांना प्रवेश असलेल्या प्रत्येक सामन्याची तिकिटे संपलेली आहेत. इतकी निष्ठा दाखवणाऱ्यांना रागावण्याचा पूर्ण हक्क आहे.

१९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे या संघाने मिळवली. प्रशिक्षक टॉम ऑस्बॉर्न यांनी २५ मोसमांत २५५ सामने जिंकून दिले, आणि गावागावांतली शेतकऱ्यांची पोरे शिष्यवृत्तीविना संघात येऊन घाम गाळत. १९९९ नंतर मात्र परिषदेचे, म्हणजे आपल्या विद्यापीठ-गटाचेही विजेतेपद मिळालेले नाही, आणि २०१७ पासून सलग सात मोसम संघाने जिंकले त्याहून जास्त सामने गमावले. २०२१ मधील नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांच्या फरकाने झाले. जिंकत आलेला सामना शेवटच्या मिनिटांत घालवणे चाहत्यांना दारुण पराभवाहून अधिक बोचते.

या घसरणीचे खापर एकट्या खेळाडूंवर फोडता येत नाही. २०११ मध्ये परिषद बदलल्याने टेक्सासशी जुना संबंध तुटला आणि तिथले गुणी खेळाडू मिळवणे अवघड झाले. त्याहून मोठे नुकसान प्रशासकांच्या उतावळेपणाने केले. २००३ मध्ये नऊ विजय मिळवूनही प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना घालवले. प्रशिक्षक म्हणून सातही मोसमांत किमान नऊ सामने जिंकणाऱ्या बो पेलिनींनाही २०१४ मध्ये काढले. १९९७ च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट प्रशिक्षक म्हणून परतले तेव्हा राज्य हरखले होते. ते १६ विजय आणि ३१ पराभव मागे ठेवून सप्टेंबर २०२२ मध्ये गेले. प्रशासक तीन आठवडे थांबले असते तर फ्रॉस्ट यांची दीड कोटी डॉलरची भरपाई निम्मी झाली असती.

२०२४ मध्ये प्रशिक्षक मॅट रूल यांच्या संघाने आठ वर्षांत प्रथमच मोसमाअखेरचा 'बोल' सामना गाठला आणि बोस्टन कॉलेजला २०-१५ असे हरवले. त्यांना पुरेसा काळ मिळावा. आणि पुढची हकालपट्टी करायचीच झाली, तर तिचे कारण व खर्च यांचा हिशेब प्रशासकांनी आधी तिकीट काढणाऱ्यांपुढे मांडावा.