गादीवरचा मालक आणि पेढीचा चालक

संघाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा भावांची चढउतार, करांचे ओझे व बाजार समितीचे कायदे हे नेहमीचे विषय बाजूस ठेवून आम्ही निराळ्याच विषयास हात घालण्याचे ठरविले. पुढारीपण हा शब्द आपण राजकारणी मंडळींना जणू बक्षीसपत्र करून देऊन टाकला आहे. परंतु एक दिवाणजी, दोन गुमास्ते, एक गाडी चालविणारा आणि चार हमाल यांच्या संसाराचा भार ज्याच्या पेढीवर आहे, तो मनुष्य पुढारी नव्हे तर कोण? आमचे मत स्पष्ट आहे. आपल्या सभासदांपैकी पुष्कळ जण उत्तम व्यापारी आहेत, पण पेढीचे चांगले चालक फार थोडे आहेत. आणि याचे मुख्य कारण असे की, हाताखालच्या माणसाला कोणताही निर्णय करण्याचा अधिकार आपण देत नाही.

बेळगावच्या रविवार पेठेत सकाळी अकराच्या सुमारास कोणीही फेरी मारून पाहावी. खानापूरचा किंवा चंदगडचा किरकोळ दुकानदार येतो, हरभऱ्याच्या डाळीचा भाव विचारतो. दहा वर्षे त्याच दुकानात काढलेला गुमास्ता भाव सांगतो खरा, पण क्विंटलमागे दहा रुपये कमी करा म्हटले की त्याची मान आपोआप गादीकडे वळते. गादीवर मालक दूरध्वनीवर बोलत असतात. गिऱ्हाईक पाच मिनिटे थांबते, दहा मिनिटे थांबते, आणि शेजारच्या दुकानात जाते. हाच गुमास्ता पोत्यात परखी घालून ज्वारीचा नमुना काढतो, तळहातावर घेऊन हुंगतो, दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगतो. मालदांडी कोणती आणि तिच्यात काय मिसळले आहे हे त्याला डोळे मिटून कळते. लक्षावधी रुपयांचा माल त्याच्या हातांखालून जातो, पण दहा रुपये सोडण्यास मात्र तो नालायक! अशा माणसाने काम मन लावून करावे ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करावी?

मालकांची बाजू आम्हांस ठाऊक नाही असे नाही. आम्हीही त्याच गादीवर बसतो. खरेदीचा भाव बाहेर फुटेल, उधारी बुडेल, नोकर दलालाशी संधान बांधील, ही भीती अगदीच निराधार नसते. पेठेत तसे घडलेलेही आहे. तथापि या भीतीवरचा उपाय अधिकार न देणे हा नसून अधिकाराला माप लावून देणे हा आहे. धान्य आपण मापल्याशिवाय देत नाही, मग अधिकार तरी का द्यावा? आमच्या पेढीवर दिवाणजींना क्विंटलमागे वीस रुपयांपर्यंत भाव तोडण्याची आणि जुन्या खात्यावर पन्नास हजारांपर्यंत उधारी लिहिण्याची मुभा आहे. त्यासाठी आम्हांस विचारावे लागत नाही, संध्याकाळी रोजमेळ मिळविताना सांगितले म्हणजे पुरे. मालाची पडतळही, म्हणजे सारा खर्च धरून तो माल दुकानात काय भावाने येऊन पडला हे, त्यांना आणि थोरल्या गुमास्त्याला माहीत असते. ज्याला पडतळ ठाऊक नाही तो भाव करीत नाही, केवळ पाठ केलेला आकडा म्हणून दाखवितो.

आणि गुमास्त्याला एक अधिकार आम्ही मुद्दाम दिला आहे: वाईट माल परत पाठविण्याचा. काही वर्षांपूर्वी आम्ही परगावी असता कलबुर्गीकडून तुरीची एक गाडी आली. सरकारी खरेदीत तुरीला १२ टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालतो. या मालात तो १४ च्या वर निघाला. गुमास्त्याने गाडी उतरवून घेतली नाही. पुढे आठ दिवसांत भाव चढला, आणि शेजारच्या मंडळींनी आमचे सांत्वन करण्याचा कार्यक्रम मोठ्या उत्साहाने पार पाडला. गुमास्ता खाली मान घालून म्हणाला, “अण्णा, माझ्यामुळे नफा गेला.” आम्ही त्याला दिवाणजींदेखत सांगितले की, गाडी परत गेली ती योग्यच गेली, आणि पुन्हा तसा माल आला तर पुन्हा परत पाठवा. त्या एका वाक्याची किंमत गेलेल्या नफ्याहून किती तरी अधिक आहे असे आम्ही मानतो. दिलेला अधिकार पहिल्याच तोट्याला काढून घेणारा मालक काहीच देत नसतो. तो फक्त माणसाची परीक्षा घेत असतो, आणि माणसाला ते बरोबर समजते.

माणूस पारखण्याची ही विद्या आपल्या भागाला परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावातच सायकलीचे दुकान चालविले, आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. तेथे त्यांनी हाताशी धरलेली माणसे कोणत्याही मोठ्या पदवीची नव्हती. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले, ते व्यवस्थापक झाले. शाळेत न चमकलेले शंभूराव जांभेकर यंत्रविद्येत तरबेज झाले. सोलापूरच्या जैन व्यापारी कुळात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद पुढे जहाजे आणि विमाने यांच्या उद्योगात शिरले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या उद्योगाचा आरंभ बार्शी लाइट रेल्वेच्या ठेक्यापासून झाला, आणि त्या ठेक्यातील त्यांचे भागीदार लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेच्या नोकरीतील कारकून होते, हे आपल्या तरुणांना सांगितले पाहिजे. शेटजीच्या मुलाने कारकुनाला भागीदार केले! आजही आपल्या पेठेत किती जणांना हे जमेल?

हल्ली तर ज्ञानच खालून वर येऊ लागले आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या बंद व छापील पिशवीतील धान्यावर पाच टक्के कर बसला, २ जून २०२३ रोजी तूर व उडदाच्या साठ्यावर घाऊक व्यापाऱ्यास २०० टनांची मर्यादा घातली गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती ५० टनांवर आली. साठ्याची माहिती सरकारी संकेतस्थळावर भरावयाची होती. हे सारे आमच्यासारख्या जुन्या मॅट्रिकवाल्याने समजावून घेतले ते चोवीस वर्षांच्या एका गुमास्त्याकडून. त्यात आम्हांस कमीपणा वाटला नाही. ज्यांना वाटला, त्यांनी बाहेरच्या कर-सल्लागाराला पैसे मोजले आणि वर तारीखही चुकविली.

आता हमालांविषयी. अहिंसाणुव्रताचे जे अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत शिकतो, त्यांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन आहेत. बैलावर अधिक ओझे लादू नये, त्याच्या दाणापाण्यात खंड पाडू नये, असा त्यांचा अर्थ आपल्याला सांगितला गेला. बैल पेठेतून केव्हाच गेले, माणसे राहिली. एके काळी शंभर किलोचे पोते एका पाठीवर जात असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच पुरुष कामगाराने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली होती, आणि आता पन्नास किलोचे पोते रुळले आहे, हे बरे झाले. परंतु भर दुपारी एक वाजता मालाची गाडी आली की हमालाची भाकरी डब्यातच राहते, हा अन्नपाननिरोध नव्हे काय? गाडीवाल्याला अर्धा तास थांबावयास सांगणे एवढेच मालकाला करावयाचे असते. क्षमावाणीच्या दिवशी मोठ्या आडतवाल्यांना आपण छापील पत्रे पाठवितो, ती पाठवावीतच. पण त्याच दिवशी वखारीत जाऊन हमालांपुढे हात जोडणारे मालक आम्ही बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले. जे तसे करतात, त्यांच्या वखारीतील पोती फाटत नाहीत, हा निव्वळ व्यापारी अनुभवही नोंदवून ठेवतो.

मुलांचा प्रश्न याहून नाजूक आहे. मुलगा पुण्यात किंवा बंगळुरात शिकून परत येतो, कारण बापाने बोलाविलेले असते. आणि आल्यावर तीन वर्षे त्याला पावत्या फाडण्यापलीकडे काम मिळत नाही. मग तो पुन्हा निघून जातो आणि आपण म्हणतो, हल्लीच्या पोरांना गादीची लाज वाटते. लाज गादीची नसते, गादीशेजारी नुसते बसून राहण्याची असते. आमचा आग्रह असा की, मुलाने पहिले वर्ष वखारीत पोती मोजावीत, दिवाणजींना काका म्हणावे व त्यांच्या हाताखाली खतावणी शिकावी, आणि दुसऱ्या वर्षी एका जिनसेची, मग ती मूग असो वा गूळ, खरेदीविक्री सर्वस्वी त्याच्याकडे सोपवावी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, आणि पुढे कित्येक घरांत मालक स्वतःच अंथरुणाला खिळले, तेव्हा कोणत्या पेढ्या चालू राहिल्या हे सर्वांनी पाहिले आहे. तिजोरीची किल्ली, बँकेचे व्यवहार आणि येणे-देणे हे एकाच डोक्यात साठविलेले होते, त्या पेढ्यांची कुलपे महिनोन्महिने निघाली नाहीत. काहींची अद्याप निघालेली नाहीत.

यास्तव संघाच्या कार्यकारिणीस आमची एक विनंती आहे. वार्षिक स्नेहभोजनाचा खर्च थोडा आवरून संघाच्या सभागृहात आठवड्यातून एक सायंकाळ गुमास्ते व दिवाणजी यांच्यासाठी वर्ग चालवावा. पडतळ काढणे, मालाची प्रत व ओलावा पाहणे, कराची विवरणपत्रे आणि उधारीची वसुली, एवढे विषय आरंभास पुरेत. शिकविणारेही बाहेरून आणावे लागणार नाहीत. पेठेतील चार जुने दिवाणजी हे काम आनंदाने करतील, मात्र त्यांचा मान म्हणून मालकांनी पहिल्या दिवशी खाली सतरंजीवर बसावे. शिकून तयार झालेला माणूस दुसरी पेढी पळवील, अशी शंका मागील सभेत निघाली होती. पळवील तर पळवो. ज्याने पगार व मान कमी दिला त्याच्याकडूनच माणूस जातो. दिवाळीनंतर वर्ग सुरू होणार असेल तर आमच्या पेढीची दोन नावे आजच लिहून घ्यावीत, आणि त्या सायंकाळी दुकान सहा वाजताच बंद होईल हेही.