घरातले विज्ञान : तेल आणि पाणी यांचे सख्य

काचेची बाटली अर्धी पाण्याने भरावी, तीत दोन चमचे गोडेतेल ओतावे आणि जोराने हलवावी. क्षणभर सारे एकजीव झाल्यासारखे दिसते. पण थोड्याच वेळात तेलाचे थेंब एकमेकांत मिळून वर येतात व त्यांचा निराळा थर बनतो. आता भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे चार थेंब घालून बाटली पुन्हा हलवावी. पाणी दुधासारखे पांढरे होते आणि बराच वेळ तसेच राहते.

याचे कारण असे, की साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे तेलाकडे. असे असंख्य रेणू तेलाच्या प्रत्येक सूक्ष्म थेंबाभोवती कडे करतात व थेंबांना एकत्र येऊ देत नाहीत. तेल पाण्यात विरघळत नाही. केवळ विखुरलेले राहते. अशा मिश्रणास ‘पायस’ व मध्यस्थ द्रव्यास ‘पायसकारक’ म्हणतात.

दूध हे निसर्गसिद्ध पायस होय. त्यातील स्निग्धांशाचे बहुतेक कण मिलिमीटरच्या हजाराव्या ते शंभराव्या भागाएवढे असतात. प्रत्येकावर प्रथिने व फॉस्फरसयुक्त स्निग्ध द्रव्ये यांचे पातळ आवरण असते. सायीचे दही रवीने घुसळले म्हणजे हे आवरण फाटते, कण एकवटतात व लोणी वर येते. दुधात पाण्यामध्ये स्निग्धांश होता. लोण्यात स्निग्धांशामध्ये पाण्याचे थेंब असतात. ते पाणी कढवून उडविले की तूप होते.

अंड्याच्या बलकातील अशाच एका द्रव्यास फ्रेंच रसायनज्ञ गोब्ले यांनी १८५० मध्ये ‘लेसिथिन’ हे नाव दिले. आज ते मोठ्या प्रमाणावर सोयाबीनपासून मिळते. बिस्किटांच्या वेष्टनावर ‘इमल्सिफायर ३२२’ असे छापलेले आढळते, ते हेच. ‘४७१’ हा आकडा मात्र शाकाहारी कुटुंबांनी समजून घेण्याजोगा आहे. हे द्रव्य स्निग्ध पदार्थांपासून बनते, आणि तो पदार्थ वनस्पतिज असू शकतो तसाच प्राणिजही. नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही; म्हणून घाबरण्याचे कारण नाही, तसे निश्चिंत राहण्याचेही नाही. भारतात वेष्टनावर चौकोनातील हिरवा ठिपका शाकाहारी पदार्थ दर्शवितो, तो पाहावा. परदेशातून भेट आलेल्या डब्यावर ही खूण बहुधा नसते. तेथे घटकांच्या यादीत उगम दिला आहे काय, ते पाहावे. नसल्यास उत्पादकाकडे चौकशी करणे हाच खात्रीचा मार्ग होय.