नफा घटला की कामगारांची घरे घटणार?

वेतनकराराची मुदत संपण्याआधी युनियनने 'महागाई वाढली, करार पुन्हा करा' असे म्हटले, तर मालक कराराची प्रत पुढे करतो. सही केली ती केली, असे आम्हाला ऐकवले जाते. मोठ्या बिल्डरांना मात्र हा नियम लागू नाही. परवानगी घेताना अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी इतकी घरे बांधू असे लिहून द्यायचे आणि काम मार्गी लागले की खर्च वाढल्याचे सांगून तो आकडा खाली आणायचा, ही रीत ठिकठिकाणी रुळली आहे. लंडनमधील बॅटरसी वीजकेंद्राच्या जागेचे प्रकरण हा तिचा ठळक नमुना आहे.

ब्रिटनमध्ये १९९० च्या नगररचना कायद्यातील कलम १०६ नुसार स्थानिक कौन्सिल बांधकाम परवानगी देताना विकासकाशी करार करते. प्रकल्पातील काही घरे बाजारभावापेक्षा कमी दराने द्यायची, हा त्यातला महत्त्वाचा भाग. हे दान नव्हे. परवानगीमुळे जमिनीचे मोल कैक पटींनी वाढते. त्या वाढीतला समाजाचा हिस्सा म्हणजे ही घरे. २०१३ साली तेथील सरकारने कायदा बदलून, या अटीमुळे प्रकल्प परवडत नाही असे दाखवणाऱ्या विकासकाला ती सैल करून घेण्याची खास वाट उघडली. ती तरतूद २०१६ मध्ये संपली. परंतु कौन्सिलशी बोलणी करून आकडा बदलून घेण्याची वाट खुलीच राहिली.

थेम्स नदीकाठचे बॅटरसी वीजकेंद्र १९८३ मध्ये बंद पडले. अनेक हात बदलून २०१२ मध्ये मलेशियन भांडवलदारांच्या एका गटाने ते ४० कोटी पौंडांना घेतले. चार हजारांवर घरांच्या या प्रकल्पात ६३६ परवडणारी घरे ठरली होती, म्हणजे शेकडा १५. जून २०१७ मध्ये वाँड्सवर्थ कौन्सिलने त्यांतील २५० घरे वगळण्यास मान्यता दिली. उरली ३८६, म्हणजे शेकडा ९. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च वाढल्याने प्रकल्प परवडत नाही, असे विकासकाचे म्हणणे. उरलेली घरे तरी ठरल्यापेक्षा लवकर मिळतील, हा कौन्सिलचा बचाव. पुढे नफा सुधारला तर वगळलेल्या घरांचा पुन्हा विचार होईल, अशी सोयही ठेवली गेली. म्हणजे घट आजची आणि नक्की. भरपाई उद्याची आणि जर-तरची!

या प्रकरणाला आणखी एक बाजू आहे आणि ती आम्हाला अधिक बोचते. या गटात मलेशियाच्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचाही २० टक्के वाटा होता. एका देशातील कामगारांच्या घामाच्या बचतीवर परतावा मिळावा म्हणून दुसऱ्या देशातील कष्टकऱ्यांची घरे कापली जावीत, याहून विचित्र हिशेब कोणता?

मुंबईच्या गिरणी कामगाराला यात नवे काही वाटणार नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरवली होती: ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला आणि ही वाटणी फक्त मूळच्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या इमारतींखालची जमीन वाटणीतून सुटली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जनतेच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून बदल कायम ठेवला. १९८२ च्या संपात उतरलेल्या अडीच लाख कामगारांपैकी कितीजण घराची वाट पाहत गेले! म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली ती २०१२ मध्ये, ६,९२५ घरांची.

प्रकल्प अर्धवट पडला तर एकही घर मिळणार नाही, हा युक्तिवाद आम्ही हसण्यावारी नेत नाही. बांधकाम थांबले की पहिली कुऱ्हाड बांधकाम कामगारावरच पडते. परंतु जमिनीला जादा भाव मोजून मग 'परवडत नाही' म्हणणे हा धंद्यातला धोका आहे, आणि धंद्यातला धोका मालकाने सोसायचा असतो. बाजार चढतो तेव्हा कोणता विकासक आपणहून चार घरे वाढवून देतो?

महाराष्ट्रात २०१३ पासून मोठ्या शहरांतील ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी २० टक्क्यांची तरतूद आहे. ती कागदावर झिजू नये यासाठी आमच्या मागण्या सरळ आहेत. परवडणारी घरे पहिल्या टप्प्यातच बांधावीत. विक्रीची घरे त्यानंतर. सवलत मागणाऱ्याने जमिनीच्या भावासह सर्व हिशेब जनतेपुढे मांडावेत. फेरविचार करायचाच तर तो दोन्ही बाजूंनी व्हावा: नफा वाढला की घरेही वाढलीच पाहिजेत. आणि कामगारांचा निधी जेथे गुंतेल, तेथे या अटी पाळल्या जातात की नाही हे विश्वस्त मंडळावरील कामगार प्रतिनिधींनी विचारलेच पाहिजे.

घराचा प्रश्न हा वेतनाचाच प्रश्न आहे. पगारवाढ भाड्यात जिरत असेल, तर वाटाघाटीच्या टेबलावर मिळवलेले आपण महापालिकेच्या सभागृहात गमावतो. तेव्हा त्या सभागृहात काय ठरते आहे, यावर प्रत्येक शाखेने डोळा ठेवावा.