माझं नाव कोणत्याही खोलीला नको!



गेल्या रविवारी आमच्या रामदासपेठेतल्या घरी भाचे-पुतण्यांची गुप्त बैठक झाली. गुप्त म्हणजे मी आतल्या खोलीत आणि यांचे आवाज अख्ख्या गल्लीत! ठरलं असं, की माझ्या अमृतमहोत्सवानिमित्त सगळ्यांनी वर्गणी काढायची आणि ज्या मंडळाचा मी १९ वर्षं कार्यवाह आहे, त्याच्या अभ्यासिकेतल्या एका खोलीला माझं नाव द्यायचं. संगमरवरी पाटी, वर फोटो. फोटोला हार घालायचा की नाही, एवढंच ठरायचं राहिलं.

तुमच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण मला हे साफ नामंजूर आहे. घरात बोललो तर "काका चिडले" म्हणून विषय संपवाल, म्हणून इथे लिहितो.

आमच्या शाळेत एक बाई गणित शिकवायच्या. यजमान रेल्वेत, राहणं अजनीच्या क्वार्टर्समध्ये. आडनावाच्या शेवटी 'कर', बोलणं अस्सल कोकणी वळणाचं. त्या ज्यू आहेत हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं! बेने इस्रायली. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, अशी त्यांची आडनावं. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत.

तर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक पाकीट यायचं. वर लिहिलेलं असे, 'फी थकलेल्या मुलीसाठी'. नाव नाही. एकदा मी अक्षर ओळखलं आणि शहाणपणा करून बाईंना म्हणालो, "बाई, फार मोठं दान करता." त्या चक्क रागावल्या. "दान नाही सर, देणं आहे. आणि आता तुम्ही ते विसरा."

मग त्यांनीच सांगितलं. हिब्रूत दानाला 'त्सेदाका' म्हणतात आणि त्या शब्दाचं मूळ 'न्याय' या अर्थाचं आहे. म्हणजे देणारा उपकार करत नाही, त्याच्याकडे राहिलेलं दुसऱ्याचं परत करतो. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज या ज्यू पंडिताने देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खालची, कुरकुरत देणं. वरून दुसरी, देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा. सगळ्यात वरची, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला स्वतःच्या पायावर उभं करणं, म्हणजे पुन्हा हात पसरायची वेळच येऊ नये.

गुप्तदान आपल्याकडेही आहे म्हणा. गणपतीच्या वर्गणीच्या यादीत 'गुप्तदान रु. ५०१' असतं आणि ते कोणाचं हे तोच गृहस्थ चौकभर सांगत फिरतो!

बाई माझगावच्या ज्या शाळेत शिकल्या, ती १८७५ साली हाइम सॅम्युअल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी आपल्या समाजाच्या मुलांसाठी सुरू केली. इस्रायली स्कूल. समाज लहान, श्रीमंत तर नाहीच. १९३० च्या दशकात सर एली कदुरी यांच्या देणगीनंतर शाळेला त्यांचं नाव लागलं. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायली इस्रायलला गेले. पण शाळा बंद पडली नाही. आज तिथली बहुसंख्य मुलं मुस्लिम कुटुंबांतली आहेत. आपली मुलं नाहीत म्हणून कुलूप लावलं नाही. याला मी संस्था चालवणं म्हणतो.

आता पुण्याचा पुतण्या म्हणेल, "काका, ससूननी नाव दिलंच की रुग्णालयाला!" दिलं. त्यांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या त्या रुग्णालयात दीडशे वर्षं गोरगरीब बरे होताहेत, नाव शोभतं. पण माझगावला बघ. कदुरींचं नाव दारावर आहे. केहिमकरांचं किती जणांना ठाऊक आहे? पाटी पैशाची लागते, खपण्याची लागत नाही. मग मी तर ना धड पैसा दिला, ना केहिमकरांएवढा खपलो. माझी पाटी कशाला?

आणि खरं कारण वेगळंच आहे. गेल्या वर्षी आमच्या मंडळाने फीचे चेक वाटले. स्टेज, बॅनर, पाहुणे, एकेका मुलीला हाक मारून चेकसकट फोटो. एक मुलगी आलीच नाही. मी रजिस्टरमध्ये 'अनुपस्थित' असा शेरा मारला आणि चेक परत जमा केला. ती आजारी होती की लाजली, हे विचारायला मी तिच्या घरी गेलो नाही. चाळीस पावलांवर बाईंचं पाकीट बघितलेला माणूस मी! पायरी खालची की वरची, तुम्हीच ठरवा.

दुसरा दोषही माझाच. १९ वर्षं कपाटाची किल्ली माझ्या खिशात. "तुमच्याशिवाय कोण?" असं लोक म्हणतात आणि आम्हा म्हाताऱ्यांना ते गोड लागतं. अहो, १९ वर्षांत दुसरा माणूस तयार झाला नाही, ही काय सत्काराची गोष्ट आहे? नागपुरात अशी किती तरी मंडळं आहेत, जिथे अध्यक्ष फक्त शोकसभेतच बदलतो.

तेव्हा ऐका. येत्या वार्षिक सभेत मी कार्यवाहपद सोडतो आहे. अभ्यासिकेत शिकून बँकेत लागलेली एक मुलगी आहे, तिचं नाव सुचवणार आहे. हिशेब माझ्यापेक्षा चोख ठेवेल. जमवलेल्या वर्गणीतून मुलींची फी परस्पर कॉलेजात भरा. चेक नको, फोटो नको, आणि पावतीवर माझं नाव तर मुळीच नको. त्या न आलेल्या मुलीच्या घरी मात्र मी स्वतः जाणार आहे, एकटा.

वाढदिवसाला सगळे जेवायला या. पुरणपोळी आहे. तिच्यावर कोणाचं नाव नसतं, तरी गोड लागते.

असो. रागावला असाल तर खाली लिहा, उत्तर देईन.