आधी डिझेलचा गाळ मोजा, मग भांडा

आवणीचे दिवस आले की शहापूर-मुरबाडच्या खाचरांत पॉवर टिलरची घरघर सुरू होते आणि दोन-चार दिवसांतच कुणाचा तरी टिलर चिखलात उभा राहतो. मिस्त्री नोझल खोलतो, आत पाणी आणि तांबूस घाण. मालक म्हणतो, पंपवाल्याने भेसळ केली. पंपवाला म्हणतो, तुमचा कॅनच घाणेरडा. बोलतात दोघेही, मोजत कुणीच नाही. इकडे राबातली रोपं वाढून जातात आणि मजुरांचा रोज अंगावर पडतो.

मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. अरुंद मानेची, घट्ट झाकणाची एक लिटरची काचेची बाटली घ्यावी, धुऊन खडखडीत वाळवावी. डिझेल धुतलेल्या, कोरड्या कॅनमध्येच आणावे. घरी आल्याबरोबर कॅन हलवून बाटली भरावी, दोन बोटे जागा सोडावी आणि चुलीपासून लांब, सावलीत, मान खाली करून एक दिवस-रात्र टेकवून ठेवावी. अधूनमधून टिचकी मारा, कडेला चिकटलेले थेंब खाली येतात. डिझेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून पाणी आणि माती मानेत जमते. मानेचे तोंड आतून दोन सेंटिमीटर असेल, तर एक सेंटिमीटर उंचीचा थर म्हणजे सुमारे तीन मिलिलिटर. भारतीय मानकानुसार डिझेलमध्ये किलोमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतच पाणी चालते, म्हणजे लिटरला तीन-चार थेंब. तेव्हा मानेत नुसता थर दिसला तरी प्रकरण गंभीर समजा.

ही झाली पंपावरून आलेल्या मालाची पारख. आता तोच कॅन आठ दिवस तुमच्या पडवीत राहू द्या आणि पुन्हा बाटली भरा. पहिली स्वच्छ आणि दुसरीत पाणी, तर दोष पागोळीखाली उघड्या बुचाने ठेवलेल्या कॅनचा. हे ऐकायला कडू लागेल, पण आमच्या पाहण्यात असेच जास्त येते.

दिवस-रात्र कशाला, असे विचाराल. कण जितका बारीक तितका तो सावकाश बसतो, आणि तेही वर्गाच्या हिशोबाने: जाडी निम्मी, तर वेळ चौपट. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1851 साली हा नियम मांडला. एक वीतभर, म्हणजे वीस-पंचवीस सेंटिमीटर डिझेलातून 0.05 मिलिमीटरचा मातीचा कण पाच मिनिटांत तळ गाठतो, 0.01 मिलिमीटरच्याला दोन तास लागतात. तेवढ्याच पाण्याच्या थेंबाला मात्र वीस तासांच्या आसपास, कारण पाणी मातीइतके जड नाही. म्हणून सकाळी पंपावरून आणले नि लगेच टाकीत ओतले, असे करू नये.

गावोगावच्या अवजार बँकांनी आणि भाड्याने टिलर देणाऱ्या गटांनी तर ही बाटली ठेवलीच पाहिजे. तारीख, कॅनचा नंबर आणि थराची उंची वहीत मांडलेली असली, की तक्रारीला वजन येते.

इंजिन ऑइलला मात्र हा उपाय लावू नका. ते डिझेलपेक्षा तीस-चाळीसपट तरी दाट असते, शिवाय काजळी तरंगती राहावी अशी द्रव्ये त्यात मुद्दाम घातलेली असतात. वरून निवळ दिसलेले जुने ऑइल पुन्हा इंजिनात ओतू नये. ते ठरलेल्या तासांनंतर बदलायचेच.